ओठ मिटून पढलेली नमाज

आपा, नाव छापू नका. माझं माहेर सोलापूरचं, सासर दापोलीजवळच्या एका गावात. लग्नाला आठ महिने झाले. माहेरी सगळे हनफी पंथाचे, इथे सगळे शाफई पंथाचे. हे आधीपासून माहीत होतं, पण दिवसातून पाच वेळा त्याची आठवण होईल असं वाटलं नव्हतं. बाईने नमाजीत आवाज काढायचा नाही, असं मला लहानपणी शिकवलं. म्हणून आठव्या वर्षापासून मी ओठ मिटून सगळं मनातल्या मनात पढते. सासूबाई पहाटेची फजर, सांजेची मगरिब, रात्रीची इशा मोठ्याने पढतात. दुपारच्या जुहरलाही त्यांची कुजबुज स्वयंपाकघरापर्यंत येते. त्यांना एका कानाने कमी ऐकू येतं. गेल्या आठवड्यात मी नमाज संपवायचा सलाम फेरला तर त्या समोरच बसलेल्या. म्हणाल्या, "तुझे ओठच हलले नाहीत. ही नमाज झाली नाही." मला रात्रभर झोप नाही. पंधरा वर्षांच्या नमाजा वाया गेल्या का? नवरा शारजाला असतो, तो फोनवर म्हणतो, "तुम्ही दोघी मिटवा." घरात जमात (एकत्र नमाज) होते तेव्हा सासरे इमाम असतात. फातिहा (कुरआनचा पहिला सूरा, म्हणजे अध्याय) झाली की ते नुसतेच उभे राहतात, मला वाटतं पुढचं विसरले. सगळे जोरात आमीन म्हणतात, मी एकटी गप्प. आणि जावेचा सात वर्षांचा मुलगा विचारतो, "चाची, दुपारी इमाम मुके का होतात?" त्यालाही काही सांगता आलं नाही.
— स., दापोली तालुका

स.,

सासूबाई बरोबर आहेत. सलाम फिरवल्या फिरवल्या तोंडावर सांगायला नको होतं, दोन दिवसांनी चहा घेताना सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण त्यांनी सांगितलेला मसला, म्हणजे धर्माचा नियम, खोटा नाही. आणि तो केवळ शाफईंचा नाही, तुझ्या माहेरचाही तोच आहे.

तुला लहानपणी जे सांगितलं त्यातलं अर्धंच तुझ्यापर्यंत पोचलं. "आवाज काढायचा नाही" याचा अर्थ दुसऱ्याला ऐकू जाईल असं पढायचं नाही. तोंड बंद ठेवायचं, असा नाही. किराअत म्हणजे पढणं, आणि पढणं जिभेने होतं. मनात आयत (कुरआनातलं वचन) आठवणं हे आठवणंच झालं. चारही मजहबांत, म्हणजे सुन्नींच्या चारही पंथांत, कुठेही नुसत्या मनातल्या उजळणीला किराअत म्हटलेलं नाही. ज्याला बोलताच येत नाही त्याची गोष्ट वेगळी. आणि हे फक्त सूऱ्यांपुरतं नाही. सुरुवातीची तकबीर (अल्लाहु अकबर), बसून पढायची अत्तहिय्यात, शेवटचा सलाम, सगळं जिभेवर आलं पाहिजे.

एक सोपी परीक्षा सांगते. आत्ता हे वाचतानाच ओठ घट्ट मिट आणि "बिस्मिल्ला" म्हणून बघ. पहिलाच ब अडेल. मग "मालिकि यौमिद्दीन"चा म. ओठ जुळून सुटल्याशिवाय ही अक्षरं निघतच नाहीत. मी लहान मुलींना सूरे फातिहा शिकवायचे तेव्हा हाच खेळ खेळायचे. ज्यांचे ओठ शिवल्यासारखे दिसत त्यांच्या पहिल्या अक्षरालाच "परत" म्हणायचे. मुली हसायच्या, पण पुढच्या वेळी ओठ हलायचे.

मग किती हळू पढायचं? इथे दोन्ही घरांत थोडा फरक आहे. शाफई म्हणतात, निदान स्वतःच्या कानाला ऐकू आलं पाहिजे. हनफींमध्ये दोन जुनी मतं आहेत. बगदादचे इमाम करखी म्हणत, जिभेने अक्षरं नीट उच्चारली की पुरे, कानापर्यंत नाही आली तरी चालेल. बल्खचे इमाम हिंदुवानी म्हणत, नाही, स्वतःला ऐकू आलं पाहिजे. पुढच्या बहुतेक हनफी आलिमांनी (धर्मपंडितांनी) हिंदुवानींचं म्हणणं उचलून धरलं. तेव्हा तू स्वतःला ऐकू येईल इतकं पढलीस की सोलापूरही खूश आणि दापोलीही. बाजूच्या मुसल्ल्यावरच्या बाईला शब्द कळता कामा नयेत, एवढंच.

आता तू कोकणात आहेस. जूनमध्ये पत्र्यावर पाऊस सुरू झाला की शेजारी उभं राहून हाक मारली तरी ऐकू येत नाही. तेव्हा स्वतःचा आवाज कानात यावा म्हणून ओरडायचं का? नाही. ही अट शांत जागेची आहे. कान धड असतील आणि आसपास गोंगाट नसेल तर जेवढ्या आवाजात ऐकू आलं असतं, तेवढाच आवाज. पाऊस, पंखा, मिक्सर, जावेची पोरं, हे काही तुझ्या नमाजीच्या आड येत नाहीत. आणि कमी ऐकू येणाऱ्यालाही आवाज चढवायला कुणी सांगितलेलं नाही.

हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम लिहिलं. सासूबाईंची जुहरची कुजबुज स्वयंपाकघरापर्यंत येते ना? मला वाटतं त्यात मजहब कमी आणि कान जास्त आहे. कुणीतरी त्यांना कधीतरी शिकवलं असेल, "स्वतःला ऐकू आलं पाहिजे", आणि त्या प्रामाणिकपणे ऐकू येईपर्यंत आवाज वाढवत गेल्या. तू हे त्यांना सांगायला जाऊ नकोस, आठ महिन्यांच्या सुनेचं ते काम नाही. नवऱ्याला सांग. "तुम्ही दोघी मिटवा" म्हणणाऱ्या माणसाने एवढं करावं. आईच्या कानाची तपासणी करून घ्यावी आणि जमलं तर मसलाही प्रेमाने समजवावा.

हजरत अबू बकर आणि हजरत उमर यांचा एक प्रसंग हदीसमध्ये, म्हणजे पैगंबरांच्या आठवणींत, आहे. पैगंबर रात्री बाहेर पडले. अबू बकर अगदी हळू पढत होते, उमर मोठ्याने. पुढे भेट झाली तेव्हा विचारलं. अबू बकर म्हणाले, ज्याच्याशी बोलतोय त्याला ऐकवलं. उमर म्हणाले, पेंगणाऱ्यांना जागं करतो आणि सैतानाला पळवतो. पैगंबरांनी अबू बकरना आवाज थोडा चढवायला सांगितला आणि उमरना थोडा उतरवायला. दोघांपैकी कुणालाही "तुझी नमाज झाली नाही" म्हटलं नाही.

आता पंधरा वर्षांचं. इथे मी फतवा देणार नाही, तो माझा अधिकार नाही. पण आलिमांकडे जाण्याआधी हिशोब नीट मांड. नमाज फर्ज (बंधनकारक) होते ती मुलगी वयात आल्यावर. आठव्या वर्षापासूनची तू धरलेली बरीच वर्षं मुळात सरावाची होती. दर महिन्याचे ते दिवस वजा कर, त्या नमाजांची कजा (राहिलेली नमाज नंतर भरून काढणं) नसतेच. सुन्नत-नफ्ल या ऐच्छिक नमाजांचीही नाही. आणि मुख्य म्हणजे आठवून बघ, तुझे ओठ खरोखर पूर्ण बंद असायचे की किंचित हलायचे? जीभ हलत होती का? लहानपणापासून जे तोंडपाठ असतं ते पढताना बऱ्याच जणींची जीभ आपोआप वळते, त्यांना स्वतःला कळतही नाही. आलिम पहिल्यांदा हेच विचारतील.

जे सापडेल ते घेऊन हनफी आलिमांकडे जा, कारण तुझा मजहब तो आहे. ते कजा पढायला सांगतील अशी तयारी ठेव. पण दुसरंही एक मत आहे, तेही ऐक. एक माणूस मशिदीत आला, घाईघाईने नमाज पढला आणि सलाम करायला पैगंबरांजवळ आला. त्यांनी त्याला परत पाठवलं, "जा, पुन्हा पढ, तू नमाज पढलाच नाहीस." असं तीनदा झालं. शेवटी तो म्हणाला, मला यापेक्षा चांगली येत नाही, शिकवा. मग त्याला सावकाश शिकवलं. आजवर पढलास त्या सगळ्या परत पढ, असं काही त्याला सांगितल्याचं त्या हदीसमध्ये येत नाही. माहीत नसताना झालेली जुनी चूक माफ आहे असं म्हणणारे आलिम याच हदीसचा आधार घेतात. आणि कजा पढायची ठरलीच, तर रोजच्या प्रत्येक फर्जबरोबर त्याच वेळची एक जुनी फर्ज पढत जायची. कजा-ए-उमरी, म्हणजे जुन्या सगळ्या वर्षांची कजा, तशीच फेडतात, बसल्या बैठकीत कुणी फेडत नाही.

बाईच्या आवाजाबद्दल आता. तुझ्या माहेरी सांगितलं ते हनफी मजहबाला धरून आहे. हनफी बाई पाचही वेळा हळूच पढते. शाफई मजहबात तसं नाही. तेराव्या शतकातले इमाम नववी हे शाफईंचे फार मोठे आधार. त्यांनी लिहून ठेवलंय की बाई एकटी असेल किंवा बायकांमध्ये, घरच्या महरम (ज्यांच्याशी लग्न होऊच शकत नाही अशा) पुरुषांमध्ये असेल, तर ती फजर-मगरिब-इशाला मोठ्याने पढते. फक्त पुरुषापेक्षा आवाज कमी, आणि परके पुरुष ऐकत असतील तर हळू. म्हणजे सासूबाई पहाटे माजघरात मोठ्याने पढतात ते त्यांच्या घराचं शिस्तीतलं पढणं आहे. तू तिथेच बाजूला हळू पढतेस तेही शिस्तीतलंच, ओठ तेवढे सोडवलेस की झालं. त्यांनी तुला मोठ्याने पढायला लावू नये, आणि तू त्यांच्या आवाजाला बेशिस्त समजू नकोस.

एक गंमत सांगते. मोठ्याने पढायच्या नमाजीला आलिम लोक "जहरी" म्हणतात आणि हळू पढायच्या नमाजीला "सिर्री". मूळ शब्द जह्र, म्हणजे उघड, मोठ्याने. मराठीत लिहिलं की होतं "जहरी नमाज" आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे साप उभा राहतो. एका लेखात मी हा शब्द लिहिला तर मुद्रितशोधन करणाऱ्याने काळजीने फोन केला होता, "आपा, हे नक्की असंच छापायचं ना?" तेव्हापासून मी "आवाजी" म्हणते.

तर आवाजी कुठे आणि हळू कुठे: फजरच्या दोन्ही रकाती (नमाजीचे फेरे), मगरिबच्या आणि इशाच्या पहिल्या दोन, शुक्रवारचा जुम्मा, दोन्ही ईद आणि रमजानमधली जमातीतली तरावीह आवाजी. जुहर आणि तिसऱ्या प्रहरची असर पूर्ण हळू, तसंच मगरिबची तिसरी आणि इशाच्या शेवटच्या दोन. यावर दोन्ही मजहब एक आहेत. इमामाने चुकून जुहरला आवाज चढवला तर हनफींकडे शेवटी सजदा सहव (चुकीच्या भरपाईचा जादा सजदा) करावा लागतो, शाफईंकडे नाही. हळू पढण्याला शाफई सुन्नत (पैगंबरांची रीत) मानतात, हनफी इमामासाठी वाजिब (आवश्यक). फरक एवढाच.

पुतण्याच्या प्रश्नावर मी खूप वेळ रेंगाळले, कारण तुझ्या पत्रातला सगळ्यात चांगला प्रश्न त्याचा आहे. आणि तो त्याच्याआधी चौदाशे वर्षांपूर्वी विचारला गेलाय! हजरत खब्बाब नावाचे सहाबी (पैगंबरांचे सोबती) होते, मक्केत लोहारकाम करायचे, तलवारी बनवायचे. त्यांना लोकांनी विचारलं, पैगंबर जुहर आणि असरला काही पढायचे का? ते म्हणाले, हो. मग तुम्हाला कसं कळायचं? ते म्हणाले, त्यांची दाढी हलायची, त्यावरून. ही हदीस बुखारी या हदीससंग्रहात आहे. आजोबांच्या मागे उभं राहणाऱ्या मुलाला दाढी दिसणार नाही, पण बाजूने बघितलं तर दिसेल. त्याला एकदा बघू दे. म्हणजे इमाम मुके नसतात, त्यांचं पढणं चालू असतं, हे त्याला स्वतःच कळेल. (नमाज चालू असताना आजोबांच्या तोंडासमोर जाऊन उभा राहील, तेवढं मात्र सांभाळ.) हजरत अबू कतादा सांगतात, कधीकधी पैगंबर जुहरला एखादी आयत ऐकू येऊ देत. त्यावरून मागे उभ्या असलेल्यांना कळायचं की कुठला सूरा चाललाय.

पण तो विचारेल, हळूच का? खरं उत्तर एकच: पैगंबरांनी तसं पढलं, म्हणून. हजरत अबू हुरैरा म्हणत, जे त्यांनी आम्हाला ऐकवलं ते आम्ही तुम्हाला ऐकवतो, जे हळू ठेवलं ते हळू ठेवतो. त्यामागचं शहाणपण शोधणारेही होते. दिल्लीचे शाह वलीउल्लाह (1703–1762) यांनी लिहिलं की दिवसा बाजारात आणि घरात गलका असतो, त्या वेळी मोठ्याने पढण्यात फारसं हशील नाही. सांज, रात्र आणि पहाटेला आवाज निवलेले असतात, ऐकणाऱ्याचं मन जाग्यावर असतं, तेव्हा ऐकलेलं आत उतरतं. मला हे पटतं. दापोलीच्या बाजारात दुपारी दोन वाजता उभं राहा आणि मग पहाटे तुझ्या अंगणात उभी राहा, तुलाही पटेल. मग जुम्मा भरदुपारी आवाजी का? त्या दिवशी गावंच्या गावं जमतात, ती नमाज मुळात ऐकण्यासाठीच आहे.

मक्केतल्या दिवसांचा संदर्भही आहे. पैगंबर मोठ्याने पढले की विरोधक कुरआनला शिव्या देत. तेव्हा सूरे बनी इस्राईलची 110वी आयत उतरली: नमाजीत फार मोठ्यानेही पढू नका, फार हळूही नाही, मधला मार्ग धरा. इब्न अब्बास हा प्रसंग सांगतात. हजरत आयेशा म्हणतात की ही आयत दुआबद्दल आहे. मुलाला एवढं सांगायची गरज नाही. त्याला दाढी पुरे.

आता घरातली जमात. सासरे विसरत नाहीत गं! शाफईंमध्ये इमामामागे उभ्या असणाऱ्यानेही स्वतःची फातिहा पढायची असते. म्हणून इमाम फातिहा आणि आमीन झाल्यावर थोडा थांबतो, मागच्यांना तेवढी फुरसत मिळावी म्हणून. तुझ्या हनफी मजहबात मुक्तदी (मागे उभा असणारा) इमामामागे पढत नाही, ऐकतो. त्यामुळे तुला ती शांतता रिकामी वाटली. तू शांत उभी राहा, बिघडत नाही. सासरे फातिहाआधी बिस्मिल्लाही मोठ्याने म्हणत असतील, कारण शाफई तिला फातिहाचीच आयत मानतात. फजरच्या दुसऱ्या रकातीत रुकूवरून (वाकण्यावरून) उठल्यावर हात उचलून कुनूत ही दुआ पढतील. तेव्हा तू हात सोडून गप्प उभी राहा, हनफी आलिम हेच सांगतात.

आमीनचं काय? वाइल बिन हुज्र यांची एकच हदीस आहे. तिच्या एका सांगणाऱ्याने म्हटलं, पैगंबरांनी आमीनला आवाज लांबवला. दुसऱ्याने म्हटलं, आवाज खाली केला. शाफईंनी पहिलं घेतलं, हनफींनी दुसरं. तू मनात नव्हे, जिभेने, स्वतःपुरती हळूच आमीन म्हण. एकट्या शांततेची लाज वाटायला नको. माझं उलटं झालं होतं. मी शाफई घरातली. सोलापूरला एका मैत्रिणीकडे बायकांच्या जमातीत उभी होते, सवयीने खणखणीत आमीन म्हटलं आणि पूर्ण खोली गप्प. सलाम फिरवल्यावर एक म्हातारी माझ्याकडे बघून म्हणाली, "कोकणातून आलीस वाटतं." आणि मला जवळ बसवून घेतलं.

सगळीकडे अशी म्हातारी नसते. याच आमीनवरून उत्तर हिंदुस्थानात मशिदींतून भांडणं झाली, आणि 1885 साली प्रकरण अलाहाबाद हायकोर्टापर्यंत गेलं. जोरात आमीन म्हणणं हा दुसऱ्यांच्या प्रार्थनेत अडथळा आणण्याचा गुन्हा आहे का, असा प्रश्न होता. त्या पीठावर न्यायमूर्ती सय्यद महमूद होते, सर सय्यद अहमद खान यांचे चिरंजीव. त्यांनी कायद्याच्या पुस्तकांबरोबर फिकहची (इस्लामी धर्मशास्त्राची) पुस्तकंही उघडली. श्रद्धेने आमीन मोठ्याने म्हणणारा गुन्हेगार नाही, असा त्यांचा कौल होता. एका शब्दासाठी वकील लावावे लागले, हे वाचताना मला दर वेळी कसंतरी होतं.

सासूबाईंशी बोलायला सुरुवात कशी करायची हे तुला सुचत नसेल. आलिमांमध्ये एक गोष्ट सांगितली जाते, तीच त्यांना सांग. इमाम शाफई एकदा बगदादमध्ये तुम्हा हनफींचे इमाम अबू हनीफा यांच्या कबरीजवळ फजर पढले आणि त्या दिवशी त्यांनी कुनूत पढली नाही, इमामसाहेबांच्या अदबीखातर. शाफईंचा जन्म 767 सालचा, ज्या साली अबू हनीफा गेले. दोघांची भेट कधी झालीच नव्हती. सासूबाईंना ही गोष्ट माहीत असेलही. असली तर त्या तुला मध्येच थांबवून स्वतः पूर्ण करतील. करू दे.

आणि त्यांना एवढं सांग की तुम्ही म्हणालात ते बरोबर होतं, मी ओठ हलवायला लागले. आजच्या असरपासूनच सुरू कर.

पुतण्याने आजोबांची दाढी बघितली की तो काय म्हणाला, ते मात्र मला कळव.

— आपा